‘बाय अप’ म्हणजे नुसते विकत घेणे नव्हे : या चुका टाळा

इंग्रजीच्या शिकवणीला येणाऱ्या मुलांचे अर्ज आणि स्वपरिचय तपासण्याचे काम मी लातुरात बरीच वर्षे करीत आहे. त्यातले एक वाक्य दर वर्षी, निराळ्या हस्ताक्षरात पण न चुकता, माझ्यासमोर येते : ‘आय वॉज बॉट अप इन अ स्मॉल व्हिलेज.’ लिहिणाऱ्याला म्हणायचे असते की मी एका लहान गावात वाढलो. कागदावर मात्र असे उमटते की मला एका लहान गावात कोणीतरी, होतो नव्हतो तेवढा, विकत घेऊन टाकले. हे वाक्य व्याकरणाने अगदी निर्दोष आहे आणि म्हणूनच ते अधिक घातक आहे, कारण संगणकावरचा चुका दाखवणारा कार्यक्रम पुष्कळदा त्याखाली लाल रेघ ओढत नाही.

मुलांना हसण्याचा अधिकार मला फारसा नाही. बी.ए. झाल्यावर दीड-दोन वर्षे मी एका आडत दुकानात पट्ट्या लिहीत असे, आणि इंग्रजी येणारा दुकानात मी एकटाच असल्यामुळे बाहेरच्या राज्यांत जाणारी पत्रेही माझ्याच वाट्याला येत. एकदा सौद्यात तीनशे कट्टे सोयाबीन घेतल्याचे दक्षिणेतल्या एका व्यापाऱ्याला कळवायचे होते. नुसते ‘बॉट’ मला फारच बाळबोध वाटले, म्हणून मी ऐटीत लिहिले : ‘वी हॅव बॉट अप सोयाबीन फ्रॉम द लातूर मार्केट.’ चार-पाच दिवसांनी त्या व्यापाऱ्याचा फोन आला आणि त्याने मालकांना विचारले की, बाजारातला माल तुम्हीच उचलला असेल, तर आता भाव काय लावणार तेवढे सांगा. मालकांनी फोन ठेवला, माझ्याकडे पाहिले आणि ‘काय लिवलंस रे बाबा?’ एवढेच ते म्हणाले. हंगामाच्या दिवसांत लातूरच्या बाजारात येणाऱ्या सोयाबीनपुढे तीनशे कट्टे म्हणजे किती, हे त्यांनाही ठाऊक होते आणि मलाही.

चूक सगळी ‘अप’ या दोन अक्षरांत होती. शाळेत आपण ‘अप’ म्हणजे ‘वर’ असे शिकतो आणि पुढे जन्मभर तोच अर्थ धरून बसतो, त्यामुळे क्रियापदाला चिकटलेला ‘अप’ आपल्याला एक तर निरर्थक वाटतो, नाही तर शोभेचा. प्रत्यक्षात ‘ईट अप’, ‘ड्रिंक अप’, ‘यूज अप’ यांतला ‘अप’ दिशा दाखवत नाही. क्रिया शेवटापर्यंत गेली, मागे काही उरले नाही, असे तो सांगतो. मराठीत हेच काम ‘टाकणे’ करते. ‘पोळी खाल्ली’ आणि ‘पोळी खाऊन टाकली’ यांत जे अंतर आहे, तेच ‘ईट’ आणि ‘ईट अप’ यांत आहे. म्हणून ‘बाय अप’ म्हणजे एखादी गोष्ट उपलब्ध असेल तेवढी सगळी, किंवा निदान हाती लागेल तेवढी जास्तीत जास्त, विकत घेऊन टाकणे.

मराठवाड्यातल्या माणसाला तर ‘घेऊन टाकणे’पर्यंतही जाण्याची गरज नाही, कारण मोंढ्यात या क्रियेसाठी नेमका शब्द रोज वापरला जातो. वर्गात मी हा अर्थ बराच वेळ फोडून सांगत असताना मागच्या बाकावरचा, वडिलांची आडत असलेला एक मुलगा मला मध्येच थांबवून म्हणाला, ‘म्हंजी सर, मिलवाल्यानं आख्खा माल उचलला, असंच ना?’ अगदी असेच. मला हे सुचायला हवे होते, कारण पट्ट्या लिहिताना मी तो शब्द दिवसातून पन्नास वेळा ऐकला होता. तेव्हापासून मी मुलांना एकच कसोटी देतो : आपल्या वाक्यात ‘घेतला’च्या जागी ‘सगळा उचलला’ घालून पाहा, आणि वाक्य खरे राहत असेल तरच ‘अप’ लावा.

एका नगाला ‘अप’ लागत नाही

या कसोटीवर सर्वांत आधी बाद होतात ती एका वस्तूची वाक्ये. ‘आय बॉट अप अ पेन’, ‘माय फादर बॉट अप अ ट्रॅक्टर’ ही वाक्ये चूक आहेत, कारण एक पेन ‘सगळा उचलला’ असे कोणी म्हणत नाही. किंमत कितीही मोठी असली तरी ‘अप’ येत नाही, हे मात्र मुलांना पटत नाही. मोठा व्यवहार म्हणजे ‘बाय अप’ असा एक समज कोठून तरी पक्का झालेला असतो. अमेरिकेने १८०३ मध्ये फ्रान्सकडून लुइझियानाचा अफाट मुलूख दीड कोटी डॉलरला घेतला आणि १८६७ मध्ये रशियाकडून अलास्का ७२ लाख डॉलरला घेतला. एका विक्रेत्याशी एका कराराने झालेली ही दोन्ही खरेदी आहे आणि तिच्यासाठी साधे ‘बॉट’ किंवा ‘पर्चेस्ड’ पुरते.

याउलट १९६० च्या दशकाच्या मध्यात वॉल्ट डिस्ने यांच्यासाठी निरनिराळ्या नावांच्या कंपन्यांनी फ्लोरिडात ऑरलँडोजवळ सुमारे २७,००० एकर जमीन घेतली, ती मात्र पुष्कळ मालकांकडून, तुकड्यातुकड्याने आणि खरा घेणारा कोण हे कळू न देता. लुइझियानापुढे २७,००० एकर म्हणजे काहीच नाही, तरी इथे ‘बॉट अप द लँड’ हे अगदी चपखल बसते. आपल्याकडे मोठा रस्ता होणार अशी नुसती कुजबुज सुरू झाली की कोणी तरी बाहेरचा माणूस येऊन गट नंबर विचारत फिरू लागतो. तो जे करतो ते ‘बाय अप’. तुकडे अनेक, विकणारे अनेक आणि गोळा होणे एका हातात, असे चित्र डोळ्यांपुढे असेल तर चूक सहसा होत नाही. खरेदी अजून चालू असेल, तर ‘दे हॅव बीन बाइंग अप लँड’ असे लिहावे.

एक अपवाद सांगितला पाहिजे, नाही तर एखादा हुशार विद्यार्थी वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन येईल. कंपनी ही एकच वस्तू असली, तरी ‘अ बिगर फर्म बॉट इट अप’ असे इंग्रजीत लिहितात, कारण तेथे तिचा सगळा धंदा, सगळी मालमत्ता उचलली गेली असा भाव असतो. कोका-कोलाने १९९३ मध्ये पार्लेकडून थम्स अप, लिम्का आणि गोल्ड स्पॉट ही नावे घेतली, त्या व्यवहाराला ‘बॉट अप’ म्हणायला हरकत नाही, कारण तेव्हा देशात खपणारी थंड पेयांची बडी नावे त्यात एका झटक्यात गेली.

‘इट’ कोठे बसवायचे

मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि एकसंध असते, त्यामुळे ‘बॉट अप’ हा आपण नकळत एकच शब्द धरतो आणि ‘दे बॉट अप इट’ असे लिहून मोकळे होतो. येथे इंग्रजीचा नियम कडक आहे. कर्म सर्वनाम असेल तर ते मधेच यावे लागते : ‘दे बॉट इट अप’, ‘दे बॉट देम अप’. कर्म नाम असेल तर दोन्ही चालते, ‘दे बॉट अप द टिकिट्स’ किंवा ‘दे बॉट द टिकिट्स अप’. मात्र कर्म लांबलचक असेल तर ते शेवटीच न्यावे, कारण ‘दे बॉट ऑल द ओल्ड हाउसेस निअर द बस स्टँड अप’ असे लिहिले तर शेवटचा ‘अप’ कशाचा आहे हे वाचणाऱ्याला मागे जाऊन शोधावे लागते. ‘क्विकली’सारखे शब्दही मध्ये घालू नयेत, ‘क्विकली बॉट अप’ बरोबर, ‘बॉट क्विकली अप’ चूक.

बोलतानाही जोर ‘अप’वर द्यावा आणि दोन्ही शब्द जोडून म्हणावेत, म्हणजे ‘बॉटप’ असे ऐकू येते. आपल्याकडे ‘बॉट’चा उच्चार पुष्कळदा ‘बोट’ असा होतो. मग ‘ट्रेडर्स बोट अप’ असे मोठ्याने वाचले गेले की आख्खा वर्ग हाताचे बोट वर करून दाखवतो, आणि तास तेथेच संपतो.

बॉट आणि ब्रॉट

आता त्या गावात विकल्या गेलेल्या मुलाकडे. ‘बाय’चे भूतकाळी रूप ‘बॉट’ आणि ‘ब्रिंग’चे ‘ब्रॉट’. वाढवणे, लहानाचे मोठे करणे यासाठी ‘ब्रिंग अप’ आहे, म्हणून ‘आय वॉज ब्रॉट अप इन अ स्मॉल व्हिलेज’ असे हवे. रोमन लिपीत या दोन शब्दांत एका अक्षराचाच फरक असल्यामुळे डोळा फसतो, पण देवनागरीत लिहून पाहिले तर फसत नाही : ‘ब्रिंग’मध्ये ‘ब्र’ आहे, म्हणून ‘ब्रॉट’मध्येही ‘ब्र’ आहे. अर्ज पाठवण्यापूर्वी मनातल्या मनात हे दोन शब्द मराठीत लिहावेत, हा उपाय मी सांगतो आणि तो चालतो. सभेच्या वृत्तांतातही हाच घोटाळा होतो. ‘मुद्दा मांडला’ याला ‘ब्रॉट अप द इश्यू’ म्हणतात. ‘बॉट अप द इश्यू’ असे लिहिले तर सदस्याने पाण्याचा प्रश्नच विकत घेतला असे होते, आणि तसा कोणी घेतला असता तर मराठवाड्याने त्याचे उपकारच मानले असते.

दुसरा घोटाळा वाचताना होतो आणि तो ‘अप टू’चा. दुकानात पाटी असते : ‘यू कॅन बाय अप टू फाइव्ह किलोज.’ येथे ‘अप’चा ‘बाय’शी काही संबंध नाही, तो ‘टू’बरोबर आहे आणि ‘अप टू’ म्हणजे ‘पर्यंत’. पाच किलोपर्यंत घेता येईल, त्याहून जास्त नाही, असा त्या पाटीचा अर्थ आहे. म्हणजे ‘बाय अप’ सगळे उचलायला सांगते आणि ‘बाय अप टू’ हात आखडायला सांगते. शब्द शेजारी बसले म्हणून ते एका घरचे होत नाहीत. सवलतीच्या पाटीवरील ‘अप टू ५० टक्के’ हा त्याचाच भाऊ, आणि त्यातले ‘अप टू’ नेहमी बारीक अक्षरांत का असते, हे गिऱ्हाइकाला बिल आल्यावर समजते.

या शब्दाला एक वास आहे

व्याकरण सुधारले तरी एक गोष्ट उरते, आणि मला वाटते तीच अधिक महत्त्वाची आहे. कोणी सगळे घेतले म्हणजे दुसऱ्या कोणाला मिळाले नाही, ही बाजू ‘बाय अप’मध्ये पुष्कळदा दडलेली असते. मार्च २०२० मध्ये लोकांनी दुकानांतले सॅनिटायझर आणि मास्क जे भराभर घेतले, त्याला इंग्रजीत ‘पीपल बॉट अप मास्क्स अँड सॅनिटायझर’ असे लिहिले, तर त्या वाक्यात रिकाम्या फळ्याही दिसतात. त्याच महिन्यात केंद्र सरकारने या दोन्ही वस्तू १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली आणल्या, त्यामागेही टंचाई आणि साठेबाजी हीच चिंता होती.

म्हणून हा शब्द कोणाच्या तोंडी घालावा याचा विचार करावा लागतो. शासनाची हमीभावाने होणारी खरेदी इंग्रजीत सांगताना मुले सर्रास ‘गव्हर्नमेंट बॉट अप सोयाबीन’ लिहितात. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला. त्या भावाने केंद्रावर नोंदणी करून, ओलावा मोजून, बारदाना मिळेल तसा जो माल घेतला जातो, त्याला ‘प्रोक्युअर’ हा शब्द आहे. केंद्राबाहेर ट्रॅक्टरच्या रांगेत रात्र काढलेल्या शेतकऱ्याला ‘बॉट अप’चा अर्थ समजावून सांगितला, तर तो आपल्याकडे कसा पाहील हे मी सांगायला नको.

साठेबाजीचा उल्लेख आला म्हणून तेथील चूकही सांगतो. ‘बाय अप’, ‘होर्ड’ आणि ‘कॉर्नर’ हे तीन शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात, पण त्या तीन पायऱ्या आहेत. अमेरिकेतील हंट बंधूंचे चांदीचे प्रकरण येथे उपयोगी पडते. त्यांनी चांदी भरमसाट घेतली, हे ‘बाय अप’. ती बाजारात न आणता धरून ठेवली, हे ‘होर्ड’. आणि त्यामुळे भाव आपल्या हाती यावा असा जो डाव होता, तो ‘कॉर्नर’. जानेवारी १९८० मध्ये चांदी एका औंसाला ५० डॉलरच्या आसपास पोचली आणि २७ मार्च १९८० रोजी इतकी कोसळली की त्या गुरुवाराला ‘सिल्व्हर थर्सडे’ असे नावच पडले. माल उचलणारा प्रत्येक जण साठेबाज नसतो. मिलवाला सोयाबीन उचलतो ते गाळण्यासाठी. ‘होर्ड’ हा शब्द त्याला लावला तर तो अर्थाचा दोष नुसता राहत नाही, आरोप होतो.

घरातल्या भरणीलाही हा शब्द लावू नये. उन्हाळ्यात आपण सालाची ज्वारी, तिखट, हळद भरून ठेवतो, त्याला ‘स्टॉक अप’ म्हणतात आणि पुढे ‘ऑन’ लागतो : ‘वी स्टॉक अप ऑन ज्वारी एव्हरी समर.’ ‘वी बाय अप ज्वारी’ म्हटले की गावात दुसऱ्याच्या कणगीत काही राहिले नाही असे होते. स्वस्त मिळते आहे म्हणून झडप घालून घेणे, हे ‘स्नॅप अप’.

‘बाय’ची भावकी

‘अप’च्या जागी दुसरा शब्द आला की अर्थ पार बदलतो, आणि यात सर्वांत जास्त गफलत ‘बाय आउट’ची होते. दोन भावांत सामाईक विहीर आणि चार एकर रान आहे. थोरल्याने धाकट्याचा हिस्सा पैसे देऊन घेतला आणि त्याला मोकळे केले. इंग्रजीत हे ‘द एल्डर ब्रदर बॉट द यंगर वन आउट’. येथे कर्म म्हणून माणूस येतो, कारण वाट्यातून बाहेर काढले ते त्याला. एका विद्यार्थ्याने याच प्रसंगावर ‘ही बॉट अप हिज ब्रदर’ असे लिहिले होते. भावकीचे तंटे मराठवाड्यात कोर्टापर्यंत जातात हे खरे, पण भाऊ विकत घेण्यापर्यंत अजून गेलेले नाहीत. हिरो आणि होंडा यांची फारकत सर्वांना आठवत असेल : डिसेंबर २०१० मध्ये ठरले आणि होंडाचा २६ टक्क्यांचा वाटा हिरोच्या मालकांनी घेतला. ‘हिरो बॉट होंडा आउट’ हे बरोबर. ‘बॉट अप’ म्हटले तर जपानमधली आख्खी होंडा घेतल्यासारखे होईल.

‘बायआउट’ हे नाम म्हणून रूढ आहे, ‘बायबॅक’ही आहे, त्या चालीवर काही जण ‘द बायअप ऑफ लँड’ असे लिहितात. तसे नाम प्रचारात नाही. ‘द बाइंग अप ऑफ लँड’ लिहावे, किंवा सरळ ‘पर्चेस’ वापरावे. करारात आणि कोर्टाच्या कागदात तर ‘बाय अप’ टाळलेलेच बरे, कारण किती माल आणि कोणता, हे तेथे शब्दाच्या छटेवर सोडता येत नाही.

‘बाय ऑफ’ला मराठीत ‘फोडणे’ आहे. साक्षीदार फोडला, म्हणजे ‘द विटनेस वॉज बॉट ऑफ’. ‘बाय इन्टू’ म्हणजे एखादी कल्पना मनापासून पटणे; ‘आय डोन्ट बाय इन्टू धिस’ म्हणणाऱ्याने काही विकत घ्यायला नकार दिलेला नसतो, ती गोष्ट त्याच्या गळी उतरलेली नसते. धंद्यात पैसे घालून हिस्सेदार होणे हाही त्याचा अर्थ आहे, पण तो संदर्भावरून लगेच कळतो.

शेवटची चूक उलट्या दिशेची आहे आणि ती इंग्रजी बातमी मराठीत आणणाऱ्यांकडून होते. ‘बॉट अप’चे भाषांतर ते ‘खरेदी केले’ असे करतात, आणि मूळ वाक्यातला सगळा जोर त्यात वाहून जातो. किंवा मग ‘घशात घातले’ असे करतात, आणि मूळ वाक्यात नसलेला राग त्यात येतो. मधली जागा मराठीत रिकामी नाही. धान्य असेल तर ‘उचलले’, जमीन असेल तर ‘एकेक करून घेत गेले’, तिकिटे असतील तर ‘होती तेवढी सगळी घेतली’, आणि लहान कंपन्या असतील तर ‘एकापाठोपाठ एक ताब्यात घेतल्या’. परवा हाच धडा चालू असताना त्या मागच्या बाकावरच्या मुलाने विचारले की, व्यापारी फक्त बारीक माल सोडून बाकीचा उचलत असेल, तर तेव्हा ‘बॉट अप’ चालेल काय. चालेल, ‘दे बॉट अप ऑल द गुड ग्रेन’ असे लिहायचे, म्हणजे ‘गुड’मुळे ‘ऑल’ला हद्द पडते आणि बारीक माल शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरमध्येच राहतो.